उंबऱ्याच्या आतला पाय

ही घडलेली गोष्ट आहे. शपथ घेणार नाही. आमच्या घरच्यांनी कोर्टात हव्या तेवढ्या शपथा घेतल्या आणि त्यातून काय निष्पन्न झालं ते पुढे कळेलच. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल थाप म्हणावं. फक्त माझ्या मावसबहिणीच्या तोंडावर म्हणू नये, कारण ती अजून त्याच घरात राहते आणि तिचा हात चालतो.

रात्री बारा वाजता वगैरे काही झालेलं नाही. अमावस्या नव्हती. कुत्री रडली नाहीत.

जे झालं ते दिवसाढवळ्या झालं... आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

बैठ्या घरांच्या एका ओळीतलं हे शेवटचं घर. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला मागचं दार आणि दाराबाहेर चार पावलांत संपणारं अंगण. अंगणात एक नळ आणि कपडे वाळत घालायची तार. घरात माणसं दोनच. माझी ही मावसबहीण, जिला सगळा गोतावळा ताई म्हणतो, आणि तिचा धाकटा भाऊ. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. भाऊ टेम्पो चालवायचा.

भावाचं टोपणनाव भिंगरी. लहानपणापासून पायाला भिंगरी लागलेली. जेवतानासुद्धा एक घास घरी, दुसरा शेजारी. टेम्पोवर लागला तेव्हा ताई म्हणाली होती, "चला, आता निदान फिरायचा पगार तरी मिळेल."

एके दिवशी गोदामाच्या मुकादमाशी त्याचं वाजलं. भिंगरी दारू प्यायला नव्हता, पण राग प्यायला होता. त्याने टेम्पो बंद फाटकावर घातला. फाटकामागे वॉचमन उभा होता. त्याचा पाय मोडला.

चूक भिंगरीची होती. ताई कधी नाही म्हणाली नाही, भिंगरीही नाही. कोर्टात सरळ कबूल केलं. वॉचमनच्या घरी जाऊन मान खाली घालून उभा राहिला. काही महिने आत काढले आणि उरलेली शिक्षा घरी भोगायची असं ठरलं. घरी, पण पायात पट्टा घालून.

"पाय मोडल्याची शिक्षा पायालाच झाली. बरोबर आहे की," असं तोच हसून म्हणायचा.

पट्टा म्हणजे घोट्यावर बसणारी काळी रबरी पट्टी आणि तिला काडेपेटीएवढं यंत्र. त्याच्या जोडीला एक डबा. तो पुढच्या खोलीत फळीवर ठेवलेला. पट्टा घरात असला की डब्यावरचा दिवा हिरवा. पट्टा घराबाहेर गेला की दिवा लाल, आणि डबा किंचाळायला लागणार. फोनही त्या डब्यातच. कंट्रोल रूममधून कधीही घंटा वाजायची. भिंगरीने बटण दाबून म्हणायचं, "आहे. घरातच आहे." पलीकडे मशीन त्याचा आवाज ओळखायचं.

आता या डब्याला म्हणे घर शिकवावं लागतं. पट्टा घातलेल्या माणसाला घरभर चालवायचं, कोपऱ्याकोपऱ्यात उभं करायचं, म्हणजे डब्याला कळतं की घर इथपासून इथपर्यंत. त्यासाठी ऑफिसातून फिटर आला होता. घाईत होता. त्याने भिंगरीला पुढच्या खोलीत फिरवलं, स्वयंपाकघरात फिरवलं. मागच्या दाराला पाण्याच्या बादल्या लावून ठेवल्या होत्या. त्या सरकवायचाही त्याला कंटाळा.

"अंगण राहिलं की," ताई म्हणाली.

"आतलं आलं की झालं हो. मला अजून बरीच घरं करायचीत."

गेला.

म्हणजे आमचंच अंगण, आमचाच नळ, आमचीच तार. पण डब्याच्या लेखी ते परकं.

दुसऱ्याच दिवशी भिंगरी कपडे वाळत घालायला बाहेर पडला आणि डब्याने बोंब ठोकली. एक चूक नोंदली गेली. मग एकदा नळ वाहत राहिला म्हणून बंद करायला धावला. दुसरी चूक. ऑफिसातल्या साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं.

"तिसऱ्यांदा झालं तर पट्टा काढून घेऊ," साहेब म्हणाले. "मग सरळ आत."

ताईने परोपरीने सांगितलं. फिटरला परत पाठवा, डब्याला अंगण शिकवा. पाठवतो म्हणाले. बघतो म्हणाले. वरातीमागून घोडं ऐकलं होतं. यांचं घोडं तबेल्यातून बाहेरच येईना.

भिंगरीने मात्र कानाला खडा लावला. कपडे तो स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायचा. टेम्पोवरचा माल बांधायची सवय, त्यामुळे एकेक कपडा दोरखंडासारखा पिळायचा. पिळे बादलीत घालून बादली उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवायचा. तारेवर घालायचं काम ताईचं.

आठवड्यातून एकदा बाहेर जायची मुभा होती. फोनवरची मुलगी परवानगी द्यायची आणि त्याच दमात परतीची वेळ सांगायची. परवानगी म्हटलं की परतीची वेळ आलीच, ही जोडी कधी फुटली नाही. भिंगरी कुठेही गेला तरी वेळेच्या आधी धापा टाकत दारात हजर. आईला जन्मात कधी वेळेवर घरी दिसला नाही, तो माणूस.

मग ती दुपार आली.

ताई दुकानात होती. काचा घासताना फोन खणात ठेवायचा असा दुकानाचा नियम आहे. खणात तो दोनदा वाजून गेला, ते तिला नंतर कळलं.

भिंगरीच्या छातीत कळ आली होती. हॉस्पिटल पलीकडच्याच गल्लीत. भिंत धरत चालत गेला असता तरी पोचला असता.

पण ती तिसरी चूक झाली असती.

म्हणून त्याने कंट्रोल रूमला फोन लावला... परवानगी मागायला.

संध्याकाळी ताई आली. किल्लीने पुढचं दार उघडलं. फळीवर दिवा हिरवा. हाक मारली.

उत्तर नाही.

स्वयंपाकघरात गेली. मागचं दार सताड उघडं... आणि दारात तो पडलेला.

डोकं, छाती, दोन्ही हात अंगणात. एक हात शेजारच्या भिंतीच्या दिशेने लांब केलेला. कुणाला तरी बोलवायला गेला असणार. उजवा पायही बाहेर.

डावा पाय मात्र उंबऱ्याच्या आत.

पट्ट्याचा पाय.

बोटं चौकटीला आतून घट्ट अडकवलेली. जीव जात होता, तरी तेवढा एक पाय त्याने बाहेर पडू दिला नव्हता.

हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण अजून ऐका.

अँब्युलन्सवाल्यांनी त्याला उचललं. स्ट्रेचर दाराबाहेर पडलं आणि डबा किंचाळायला लागला. पाठोपाठ फोन. ताईने बटण दाबलं.

"घर सोडल्याचं दिसतंय," पलीकडे कुणीतरी मुलगी होती. "कुठे गेलेत ते?"

"स्ट्रेचरवर आहे. मेलाय तो."

टाइप केल्याचा आवाज आला. मग तीच मुलगी म्हणाली,

"परत कधी येणार?"

ताईने बटणावरचा हात काढला.

पट्टा कापायचा अधिकार फक्त फिटरला. तो हॉस्पिटलात आला, पट्टा कापला, पिशवीत घातला. ताईच्या नजरेला नजर देईना.

"डबा कधी नेणार?" ताईने विचारलं.

"फाइल बंद झाली की. तोवर प्लग काढू नका हं. काढलात तर तुमच्यावर येईल, डब्याच्या कागदावर सही तुमची आहे."

मग घरी येऊन त्याने डब्याचं किंचाळणं तेवढं बंद केलं. दिवा लाल राहिला. भाऊ गेला आणि फळीवर तो लाल डोळा उरला. ताई त्याच्यावर फडकं टाकून दुकानात जायची.

सगळे विधी आटोपले. नातेवाईक आपापल्या घरी गेले. घर रिकामं झालं.

एका संध्याकाळी ताई दुकानातून आली, तर फडकं खाली पडलेलं.

आणि दिवा...

हिरवा.

तिने डब्यावर चापट मारली. हिरवा. वायर हलवली. हिरवा. ताई घाबरली नाही. तिला संताप आला. माणूस जिवंत असताना याला अंगण ओळखता येत नव्हतं आणि आता मेलेला माणूस दिसतोय म्हणे. चार शिव्या हासडून तिने पुन्हा फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानाचा अ‍ॅप्रन मोरीत भिजत टाकला आणि कामाला गेली.

परत आली तेव्हा मोरी कोरडी होती.

अ‍ॅप्रन बादलीत होता. धुतलेला. दोरखंडासारखा पिळलेला.

आणि बादली... उंबऱ्याच्या आतल्या बाजूला.

असं पिळणारे हात तिने एकाचेच पाहिले होते. शेजारणीला विचारलं, कुणी आलं होतं का. कुणी नाही. कुलूप जसंच्या तसं.

त्यानंतर रोज काही ना काही. ताटं धुतलेली. मोरी घासलेली. पण सगळं आतलं. अंगणातला नळ गळत असला तर गळत राहायचा. तारेवरचे कपडे पावसात भिजले तर भिजत राहायचे. उंबऱ्याबाहेरच्या कशालाही हात लागायचा नाही.

मग आवाज सुरू झाला. भिंगरी चालायचा तेव्हा पट्ट्याचं यंत्र खाटेच्या लोखंडी पायाला लागायचं. वळताना हमखास.

टक...

ताई स्वयंपाकघरात असली की पुढच्या खोलीत टक. पुढच्या खोलीत आली की स्वयंपाकघराच्या दारापाशी पावलं थांबल्यासारखी वाटायची. मागच्या दाराशी.

तिथे कुणीतरी उभं राहून वाट बघतंय, एवढंच तिला कळायचं.

दुकानाची सुट्टी होती त्या दुपारी ताई खाटेवर आडवी झाली होती. डब्याचा फोन वाजला. मशीन आपोआप फोन लावतं, ते अजून कुणी बंद केलं नव्हतं. ताई उठायच्या आत...

डब्यावरचं बटण खाली गेलं.

समोर कुणी नव्हतं. फडकं मधोमध दबलेलं तिला स्पष्ट दिसत होतं.

"आहे," खोलीत आवाज आला. "घरातच आहे."

त्याचाच. थोडा दमलेला.

फडकं पुन्हा सरळ झालं.

ताई तशीच चप्पल अडकवून घराबाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत शेजारणीच्या ओट्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुकानात न जाता थेट पट्ट्याच्या ऑफिसात गेली. घाबरलेली होती, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आपला भाऊ अजून शिक्षा भोगतोय, आणि ती बंद करायला या लोकांना वेळ नाही. त्याला सोडवल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच ती साहेबांसमोर बसली.

साहेबांनी कॉम्प्युटर बघितला. चेहरा उजळला.

"गेल्या काही दिवसांची नोंद उत्तम आहे हो. सगळ्या फोनना उत्तर. एकही नवीन चूक नाही."

"कुणाची?"

"तुमच्या भावाची."

"तो मेलाय, साहेब. तुमच्याच माणसाने पट्टा कापून नेला."

साहेब गडबडले. कपाट उघडून त्यांनी पिशवी काढली. पिशवीत पट्टा. मधोमध कापलेला. साहेबांनी पट्ट्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे... आणि पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला.

"तांत्रिक बिघाड असेल."

"मग फाइल बंद करा."

"तशी नाही होत. फाइल बंद करायची तर तो घरात नाही असं सिस्टीमने दाखवायला हवं. लाल होता तेव्हा राहून गेलं, आता सिस्टीम तर आहे म्हणतेय."

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, याहून वेगळं काय म्हणायचं याला. ताईचा आवाज चढला. अख्खं ऑफिस माना वळवून बघायला लागलं.

"अंगणात एक पाऊल टाकलं तर दोनदा पकडलंत त्याला. छातीत कळ आली तेव्हा कुठे होती तुमची सिस्टीम? पाय आत ठेवून मेला तो. तुमचा दिवा हिरवा राहावा म्हणून."

साहेब कागद चाळू लागले.

तेवढ्यात शेवटच्या टेबलावरची मुलगी उठली. बावीस-तेवीसची असेल. हेडफोन गळ्यात लोंबत होता. चेहरा पांढराफटक.

"ताई... त्या दुपारी त्यांचा फोन मी घेतला होता."

"काय म्हणाला तो?"

"छातीत दुखतंय, हॉस्पिटलला जाऊ का, म्हणाले. मी म्हटलं, ठरल्या दिवसाबाहेर जायचं तर साहेबांना विचारते. मी सांगेपर्यंत उंबरा ओलांडू नका." ती ओढणीशी चाळा करत होती. "ते म्हणाले, बरं, थांबतो. साहेब मीटिंगमध्ये होते. मग माझी सुटायची वेळ झाली. मी पुढच्या मुलीला सांगून गेले होते, खरंच सांगितलं होतं. तिच्या लक्षात राहिलं नाही."

ताईचा हात उठला. सगळ्यांनी पाहिला. मुलीने डोळे मिटून घेतले, पण मागे सरली नाही.

हात हवेतच राहिला... कारण ताईला तेव्हा कळलं.

मी सांगेपर्यंत. बरं, थांबतो.

तो अजून थांबला होता.

"सांग त्याला," ताई म्हणाली. "जा म्हणून सांग. तू सांगितल्याशिवाय तो जायचा नाही."

"मयत व्यक्तीला परवानगी द्यायची सोय नाही आमच्याकडे," साहेब म्हणाले.

"जिवंत माणसाला तरी कुठे होती?"

साहेबांनी पाणी मागवलं. मुलगी ताईला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "उद्या दुपारी साहेब बाहेर असतात. मी लावते फोन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई खाटेवर बसून होती. डब्यावरचं फडकं तिने काढून ठेवलं होतं. मागचं दार उघडं टाकलं होतं. उन्हाने अंगण पांढरं झालेलं. नळाचे थेंब ऐकू येत होते.

फोन वाजला.

बटण खाली गेलं.

"आहे. घरातच आहे."

पलीकडे बराच वेळ श्वासाचा आवाज. त्या पोरीने हा आवाज शेवटचा कधी ऐकला होता ते तिला आठवत असणार.

"मी बोलतेय," ती कशीबशी म्हणाली. "त्या दिवशीची. तुम्हाला... तुम्हाला बाहेर जायची परवानगी आहे. तुम्ही जाऊ शकता."



नळाचा थेंबही पडेना.

ताईने तोंडावर पदर धरला होता. तिला वाटलं, झालं. सुटला माझा भाऊ.

मग डब्याजवळून आवाज आला. हळू. अदबीने. साहेबलोकांशी बोलताना तो काढायचा तसा.

"परत कधी यायचं?"

आणि त्या पोरीच्या तोंडून... दिवसभर तेच बोलायची सवय, दिवसाला शंभर फोन... विचार करायच्या आधीच शब्द बाहेर पडले.

"सहापर्यंत."

"बरं."

"नाही, नाही, थांबा, तसं नाही..." ती ओरडत होती. बटण वर आलं होतं. फोन बंद झाला होता.

टक... खाटेच्या पायाला.

टक... स्वयंपाकघरात.

उंबऱ्यापाशी पावलं थांबली. किती वेळ गेला कोण जाणे. मग अंगणातली तार झुलली, कुणीतरी तिच्याखालून वाकून गेल्यासारखी.

दिवा लाल झाला. डबा किंचाळला नाही. परवानगी होती ना.

ताई तिथेच खाली बसली आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. ते शेवटचे शब्द तिने ऐकले होते, पण तिला वाटलं, एकदा बाहेर पडलेला माणूस कशाला येतोय परत.

ऊन उतरलं. सहा वाजायला आले.

मागच्या गल्लीतून कुणीतरी पळत येत होतं. धापा टाकत.

तार झुलली.

टक...

दिवा हिरवा झाला.

पुढचं ऐकून तुम्हालाही चीड येईल. त्या मधल्या वेळात साहेब ऑफिसात परतले होते. त्यांनी पडद्यावर लाल ठिपका पाहिला. तो घरात नाही असं सिस्टीमनेच दाखवलं ना, मग पठ्ठ्याने बसल्या बैठकीला फाइल बंद केली. इतके दिवस जे होत नव्हतं ते चहा संपायच्या आत झालं. फाइल बंद, म्हणून डब्याचा नंबर बंद. ती पोर संध्याकाळी वेड्यासारखी फोन लावत राहिली. लागलाच नाही. सकाळी फिटर डबा न्यायला दारात.

"एक फोन होऊ दे," ताईने त्याच्यापुढे हात जोडले. "एकच. मग न्या."

"मला फक्त न्यायला सांगितलंय हो," तो म्हणाला आणि त्याने प्लग काढला. या वेळी मात्र बादल्या सरकवून त्याने अंगणात डोकावून पाहिलं. का पाहिलं, देव जाणे.

ताईला वाटलं, डबा गेला, आता तरी संपलं.

दुपारी तार झुलली. सहाच्या आत धापा टाकत पावलं परत आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

ती मुलगी नोकरी सोडून एकदा घरी आली होती. रडत रडत सांगत होती, परवानगीला तारीख घालायची राहिली, आणि तारीख नसलेली परवानगी त्यांच्याकडे रोजची धरतात. भिंगरीला ते नियम तोंडपाठ. स्वयंपाकघरात उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही सुटलात. आता परत येऊ नका." पुन्हा पुन्हा म्हणाली.

काही झालं नाही. तो ऐकायचा ते डब्यातल्या आवाजाचं. ही समोर उभी असलेली पोर कोण, हे त्याला कुठे ठाऊक होतं. त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

ताईनेही सांगून बघितलं. रागावून, समजावून, रडून. "माझं त्याने जिवंतपणी तरी कधी ऐकलं होतं?" असं म्हणते.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. ताई नुकतीच दुकानातून आली होती. तारेवर कपडे वाळत होते. प्रत्येक कपड्यावर पिळाच्या सुरकुत्या.

"तू घातलेस?" मी विचारलं.

"मी कधी घालणार? सकाळी भिजवून गेले होते." ती कांदा चिरत होती. "आता बाहेर जायला मिळतं ना, तर तोच घालतो."

मी म्हटलं, ताई, हे घर सोड. माझ्याकडे चल. हे काही खरं नव्हे.

"आणि तो सहाला कुणाकडे येणार?"

तिच्या आवाजात भीती नव्हती. संताप होता, शिळा झालेला, पण तसाच गरम. "जिवंत होता तेव्हा पलीकडच्या गल्लीपर्यंत जायला मिळालं नाही. मेल्यावर दुपार मिळाली, तीही मोजून. ते सगळे मात्र घरी जातात हो वेळेवर. तो साहेब, तो फिटर. त्यांना कुणी विचारत नाही."

तिने घड्याळाकडे बघितलं. विळी बाजूला ठेवली, हात धुतले आणि मागच्या दाराची कडी काढली. दार पूर्ण उघडून त्याला खाली लाकडाचा तुकडा लावला, म्हणजे वाऱ्याने लागायला नको.

"उशीर झाला की घाबरतो," ती म्हणाली.

अंगणात संध्याकाळ उतरत होती. गल्ली रिकामी होती. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि दाराकडे बघायचं नाही असं ठरवून दाराकडेच बघत होते.

लांबून... कुणीतरी पळत येत होतं.